परजातीय अवयवप्रत्यारोपणातील प्रतिपिंडजन्य अस्वीकार : माकडांवरील प्रयोगांची एक चिकित्सा

मानवी अवयवांची टंचाई लक्षात घेता डुकराचे हृदय वा मूत्रपिंड माणसाच्या उपयोगी पडेल काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे दीर्घकाळ उभा आहे. या संशोधनाचा मुख्य आधार म्हणजे बॅबून व सायनोमोल्गस माकडांवरील प्रयोग. त्या प्रयोगांतून निघालेले निष्कर्ष कितपत भक्कम आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर ‘अल्फा-गॅल’ नावाची शर्करा असते. माणूस, कपी व जुन्या जगातील माकडे यांच्या पूर्वजांत ती तयार करणारे जनुक निष्क्रिय झाले. आतड्यांतील जीवाणूंवर मात्र तीच शर्करा आढळत असल्याने तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड आपल्या रक्तात जन्मानंतर लवकरच तयार होतात. डुकराचा अवयव जोडताच हे प्रतिपिंड त्याला चिकटतात, पूरक प्रथिनसंस्था जागृत होते, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत वा तासांत अवयव काळवंडतो. हाच अतितीव्र अस्वीकार होय.

आरंभी उपाय ग्राहकाच्या शरीरात शोधले गेले. रक्तद्रव बदलून वा विशेष स्तंभांतून गाळून प्रतिपिंड काढले जात. परंतु ते काही दिवसांतच पुन्हा तयार होत. पुढे विचाराची दिशा उलटली आणि दात्यातच बदल करण्याचे ठरले. मानवी पूरक-नियंत्रक प्रथिने असलेली डुकरे १९९० च्या दशकात निपजली, तर अल्फा-गॅलचे जनुक दोन्ही प्रतींत निष्क्रिय केलेली डुकरे २००३ मध्ये जगापुढे आली. २००५ मध्ये अशा डुकराचे हृदय बॅबूनमध्ये १७९ दिवसांपर्यंत टिकल्याचे प्रसिद्ध झाले.

येथे एक शंका नोंदविणे आवश्यक आहे. ते हृदय बॅबूनच्या पोटात जोडले होते. रक्ताभिसरणाचा भार प्राण्याचे स्वतःचे हृदयच वाहत होते. २०१६ मध्ये नोंदलेला ९४५ दिवसांचा विक्रमही याच पद्धतीचा. त्यात सीडी-४० रोधक औषध सतत द्यावे लागले आणि ते कमी करताच प्रतिपिंड वाढून अवयव निकामी झाले. डुकराच्या हृदयाने बॅबूनला प्रत्यक्ष जगविले त्या प्रयोगांत २०१८ मध्ये १९५ दिवसांपर्यंतचाच पल्ला गाठता आला. ‘यशस्वी’ हे विशेषण दोन्हींसाठी सारखेच वापरले जाते, ही गोष्ट खटकते.

याहून गंभीर आक्षेप प्राणिप्रतिमानावरच आहे. अल्फा-गॅल काढल्यावर आणखी दोन शर्करा-प्रतिजनांचे महत्त्व स्पष्ट झाले. त्यांपैकी एक, न्यूजीसी, माणसात नसते. परंतु बॅबून व सायनोमोल्गस माकडांत असते. म्हणजे ती काढून टाकल्याचा लाभ माणसाला होईल, माकडाला नाही. उलट, ती काढल्यामुळे डुकराच्या पेशींवर आणखी एखादे प्रतिजन उघडे पडते व माकडाचे प्रतिपिंड त्यावर तुटून पडतात, असे दिसून आले आहे. त्यामुळे तिन्ही शर्करा काढलेला अवयव माकडात अपयशी ठरला तरी तो माणसातही अपयशी ठरेल असे म्हणता येत नाही. आणि माकडात टिकला तर त्याचे श्रेय नेमके कोणत्या बदलाला, हेही स्पष्ट होत नाही. २०२३ मध्ये सायनोमोल्गस माकडात डुकराचे मूत्रपिंड ७५८ दिवस टिकले, ते या तीन शर्करांबरोबरच सात मानवी जनुकांची भर घातल्यावर. केवळ शर्करा काढलेली मूत्रपिंडे फार टिकली नव्हती. अनेक प्रयोगांत डुकराविरुद्धचे प्रतिपिंड मुळातच कमी असलेली माकडे निवडली जातात, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. रुग्ण असा निवडून येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँड विद्यापीठात दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णास बसविण्यात आले. अतितीव्र अस्वीकार झाला नाही, पण रुग्ण सुमारे दोन महिने जगला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात डुकराच्या सायटोमेगॅलो विषाणूबरोबरच, उपचारासाठी दिलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या मिश्रणाचाही वाटा असू शकेल असे मांडले गेले. जे प्रतिपिंड टाळण्यासाठी दोन दशके जनुके बदलली, ते या वेळी बाहेरून दिलेल्या औषधातून आले असण्याची शक्यता आहे. आणि हा धोका बॅबूनच्या नोंदींतून आधी पुढे आला नव्हता.