ताटातले लोह आणि रक्तातले लोह

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद या गावातली, नववीत शिकणारी एक मुलगी आपण कल्पनेने समोर आणू. थंडीचे दिवस आहेत. दिवसभरात तिच्या पोटात बाजरीच्या चार भाकरी, पालेभाजी, तुरीचे वरण आणि ठेचा जातो. दोन्ही जेवणांबरोबर कपभर चहा असतो. घरातल्या मोबाइलवर आहाराचा सल्ला देणारे अ‍ॅप आहे. त्यात तिने वय, उंची, वजन आणि हे सारे जेवण भरले. अ‍ॅपने लोहापुढे हिरवी खूण केली. मात्र मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की ही मुलगी धापा टाकत खाली बसते. आता विश्वास कोणावर ठेवायचा, खुणेवर की धापेवर?

'प्रत्येकाला त्याच्यापुरता आहार' ही कल्पना आज मोठ्या उत्साहाने मांडली जाते. शिक्षकांच्या खोलीतही तिची चर्चा होते आणि विद्यार्थी तर ती अ‍ॅप वापरूही लागले आहेत. या कल्पनेत खरे किती आणि घाई किती, हे तपासण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

कल्पना मुळात चुकीची नाही

आधी जमेची बाजू पाहू. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली ८०० माणसांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या शरीरातील साखर आठवडाभर सतत मोजण्यात आली. एकच पदार्थ खाऊन एकाची साखर झपाट्याने वाढली, तर दुसऱ्याची फारशी हललीही नाही. 'अमुक पदार्थ सर्वांना सारखाच' हे गृहीत त्यामुळे डळमळीत झाले.

याहून जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! निर्देशांक सारखा, शरीरे वेगळी. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त, अशी आपल्याकडील अनेकांची ठेवण असते आणि मधुमेहाच्या दृष्टीने ती जोखमीची असते. केवळ उंची-वजनावरून 'तुमचे सारे ठीक' म्हणणारे अ‍ॅप नेमके येथे फसते.

तेव्हा माणसामाणसांत फरक असतो, याबद्दल वाद नाही. हा फरक अ‍ॅपला कळतो का, हा खरा प्रश्न आहे.

भाकरीचे वजन कोणी केले?

अ‍ॅपमध्ये आपण 'भाकरी : ४' असे लिहितो. पण कोणती भाकरी? एका घरी ती ६० ग्रॅम पिठाची असते, तर शेतावर जाणाऱ्यांच्या घरी ९० ग्रॅमची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ३४८ किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे लहान भाकरीत सुमारे २०९ आणि मोठीत ३१३ किलोकॅलरी. चार भाकरींमागे फरक चारशेच्या वर गेला. एवढी चूक पोटात ठेवून 'आज तुम्ही ५० किलोकॅलरी जास्त घेतल्या' असे सांगणे म्हणजे गहू तोलण्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

लोहाचेही तसेच. भाकरी मध्यम, ८० ग्रॅम पिठाची धरू. चार भाकरींचे पीठ झाले ३२० ग्रॅम. २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह दिले आहे. त्याच संस्थेच्या जुन्या, अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांना आधार असलेल्या तक्त्यात ८ मिलिग्रॅम. पहिल्या हिशेबाने मुलीला बाजरीतून २०.५ मिलिग्रॅम लोह मिळते, तर दुसऱ्या हिशेबाने २५.६. शिवाय राज्यात २०१२ साली 'धनशक्ती' हे लोह जास्त असलेले बाजरीचे वाण प्रसारित झाले. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७.१ मिलिग्रॅम लोह असते. घरच्या कणगीत कोणते वाण आहे, हे अ‍ॅप विचारीत नाही. ते कोणता तक्ता वापरते, हेही वापरणाऱ्याला बहुधा सांगितले जात नाही. दशांश चिन्हापर्यंत दिलेला आकडा अचूकच असतो असे नाही, हा विज्ञानाच्या तासाला शिकवण्याजोगा धडा आहे.

ताटातून रक्तापर्यंत

पण खरी गोम पुढेच आहे. ताटातले लोह म्हणजे रक्तातले लोह नव्हे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाचा साधारण दहा टक्क्यांच्या आतलाच भाग शरीर शोषून घेते, कारण धान्यातील फायटेट नावाची द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. हा आकडा ठरवताना ही सरासरी घट धरलेली असते. आपल्या मुलीचा जेवणाबरोबरचा चहा मात्र त्यात धरलेला नसतो. चहातील टॅनिनमुळे शोषण आणखी घटते. उलट, भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणाबरोबर पेरू, मोसंबी खाल्ली, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. आणि जालना तर मोसंबीचाच जिल्हा!

पोटातील जंत, पाळीतील रक्तस्राव, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी काहीही अ‍ॅपच्या चौकटीत येत नाही. म्हणजे 'वैयक्तिक' म्हणून दिलेल्या सल्ल्यात त्या व्यक्तीचेच सर्वांत महत्त्वाचे तपशील गाळलेले असतात. त्यासाठी हिमोग्लोबिनची साधी तपासणी लागते. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत, तसेच त्याहून मोठ्या मुलींत आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत, हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक जणींना जे ग्रासते, त्याचा पहिला उपाय सर्वांसाठीचाच असावा लागतो : शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी, जंतनाशक गोळी आणि शालेय पोषण आहार. वैयक्तिक सल्ल्याची जागा त्यानंतरची, त्याऐवजी नव्हे.

जास्त माहिती म्हणजे जास्त लाभ?

युरोपातील सात देशांत झालेल्या 'फूड फॉर मी' या प्रयोगात १,६०७ प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गटांत विभागले होते. एका गटाला सर्वसाधारण सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला स्वतःच्या आहारावरून, तिसऱ्याला त्याशिवाय रक्ततपासणी व शरीरमापांवरून आणि चौथ्याला या साऱ्याबरोबर जनुकांवरूनही सल्ला मिळाला. सहा महिन्यांनी पाहता वैयक्तिक सल्ला मिळालेल्यांचा आहार सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारला होता. पण जनुकांची माहिती जोडल्याने अधिकचा लाभ दिसला नाही, रक्ततपासणीनेही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा आहे. 'तू हे खातोस, त्यात एवढा बदल कर' असे आपुलकीने सांगणे उपयोगी ठरते, आणि त्यासाठी महागडी चाचणी लागतेच असे नाही. रोगाचे निदान ही मात्र वेगळी गोष्ट. तेथे तपासणीला पर्याय नाही.

हे सांगण्याचे काम गावात कोण करू शकते? शिक्षक, अंगणवाडीताई आणि आशाताई. त्यांच्या हाती अ‍ॅप असायला आमची हरकत नाही. अ‍ॅपने वही व्हावे, वैद्य होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना घरी एका भाकरीसाठी घेतलेल्या पिठाचे वजन करून आणायला सांगावे. किराणा दुकानातला काटाही चालेल. वर्गातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा फळ्यावर लिहावा, सरासरी काढावी आणि विचारावे : अ‍ॅपने यांतली कोणाची भाकरी धरली असेल? मग जेवणाबरोबर चहा घेणाऱ्यांची मोजणी करावी आणि त्यांना तो तासाभराने घ्यायला सुचवावे. मात्र कोणाही विद्यार्थ्याचे वजन किंवा हिमोग्लोबिन वर्गात मोठ्याने वाचू नये. ज्या मुली लवकर दमतात, त्यांच्या पालकांशी शांतपणे बोलून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवावे.

आमच्या कल्पनेतल्या त्या मुलीला हिरव्या खुणेपेक्षा एक थेंब रक्ताची तपासणी, पिळलेले लिंबू आणि तासभर मागे सारलेला चहा अधिक उपयोगी पडेल. तिच्या धापेकडे मात्र कोणाचे तरी लक्ष जायला हवे. ते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचे जाऊ शकते.