ज्या महिन्याचं गाणं त्या महिन्यात

कोजागिरी झाली की वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पहाटेचा काकडा सुरू होतो आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतो. तुरीला फुलोरा आलेला असतो, थंडी नुकती पडू लागलेली असते. देवळात बसून मी काकडा अनेकदा ऐकला आहे, पण मला जवळचा वाटतो तो घरी अंथरुणात पडून ऐकलेला. देऊळ चार गल्ल्या पलीकडे. आधी येतो टाळ, कारण त्याचा नाद धारदार. मागून मृदंगाचा धुमा येतो, तोही थाप म्हणून कमी आणि हादरा म्हणून जास्त. शब्द येतच नाहीत. नुसती चाल येते आणि चालीवरून अभंग ओळखायचा. तेवढा तासभर माणूस ना धड झोपेत असतो, ना धड जागा.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानं १९७८ साली विमानतळासाठी म्हणून एक संगीताची तबकडी काढली. तिच्यामुळे ‘ॲम्बियंट’ हे नाव जगभर रूढ झालं. समोर येऊन न गाता, मागे राहून जागेचं वातावरण बदलणारं संगीत, अशी त्याची कल्पना. चार गल्ल्यांपलीकडून येणारा काकडा हेच करत आला आहे. फरक एवढाच की कार्तिक सरला की तो थांबतो. वर्षाचे अकरा महिने ती पहाट रिकामी राहते, आणि पुढच्या वर्षी पहिला टाळ वाजला की गावाला थंडी आल्याचं कळतं.

म्हणून जिल्ह्यातल्या ऋतुसंगीताची आजची तब्येत बघायला मी एकच कसोटी लावतो. हे गाणं आपल्या महिन्याबाहेर गप्प राहतं का? आणि आपल्या महिन्यात त्याला अजून जागा मिळते का?

ही कसोटी माझ्या मनची नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ग्रामराग सांगताना तो कोणत्या ऋतूत गायचा हेही दिलेलं आहे. पावसात मल्हार आणि वसंतात बसंत-बहार हा मैफलीचा रिवाज आजही आपण पाळतो, पण मोठे महोत्सव बहुतेक हिवाळ्यात होतात आणि सभागृहं वातानुकूलित झाली आहेत. तिथे ऋतूचं बंधन शिष्टाचारापुरतं उरलं आहे. कुमार गंधर्वांनी ते मनावर घेतलं. देवासला राहून माळव्याच्या लोकधुना ऐकता ऐकता त्यांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे सबंध कार्यक्रमच ऋतूंवर बांधले. रोमन कॅथलिक उपासनेतही ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा आनंदाचा शब्द गात नाहीत, तो ईस्टरलाच पुन्हा गळ्यात येतो. न गाण्याचा काळ पाळला की गाण्याला वजन येतं, हे दूरदूरच्या लोकांना आपापल्या वाटेनं उमगलेलं आहे.

आमच्या जिल्ह्यात हे सगळ्यांत चांगलं सांभाळलं आहे ते बंजारा तांड्यांनी. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही त्यांची काशी. संत सेवालाल महाराजांचं जन्मवर्ष १७३९ मानतात. त्यांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर इथे आहे, रामनवमीला इथे भरणाऱ्या यात्रेला बाहेरच्या राज्यांतूनही माणसं येतात. चैत्राच्या उन्हात जागोजागी नंगारा घुमत असतो, बाजूला काठीनं थाळी वाजत असते. थाळीचा आवाज पातळ, कानाला टोचणारा. नंगाऱ्याचा आवाज पोटात जाणारा. दोन्हींच्या मधली मोकळी जागा गाणाऱ्याची. पेटी आली की ती जागा भरून जाते आणि गाणं इतर कुठल्याही भजनासारखं वाटू लागतं, असं माझं मत आहे. सुदैवानं अजून पुष्कळ भजनीमंडळं पेटीशिवाय गातात.

होळीची लेंगी तर महिन्याची पक्की. फाल्गुनात तांड्यावर रात्री माणसं जमतात, रिंगण धरतात, एकानं उचललेली ओळ बाकीचे झेलतात. वर्षभरात तांड्यात जन्मलेल्या बाळाचा धूंड हा विधी होळीलाच होतो आणि त्या घरासमोर गाणं होतं. कामासाठी दूर गेलेली माणसं याच दिवसांत परततात. लेंगीत त्यांच्या वाटा येतात, सेवालाल येतात, अलीकडे दारूबंदी आणि मुलींचं शिक्षणही येतं. विषय नवे आले, चाल तीच राहिली, म्हणून गाणं जिवंत आहे. आता लेंगीच्या स्पर्धा होतात. त्यांना माझा विरोध नाही, बक्षिसासाठी का होईना पोरं सराव करतात. पण मंचावर रिंगण मोडून ओळ होते, तोंडं प्रेक्षकांकडे वळतात, आणि झेलणाऱ्याला उचलणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो. स्पर्धा मंचाऐवजी मैदानात घेतली तर एवढं एक वाचेल.

श्रावणातली तीज मात्र मी फार जवळून पाहिली आहे. लग्न न झालेल्या मुली बांबूच्या टोपल्यांत माती आणि खत घालून गहू पेरतात. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या दारी मांडवात टोपल्या ठेवतात. रोज पाणी घालायचं आणि पाणी घालताना गायचं. पाण्याची धार बारीक, त्यामुळे गाण्याची लयही संथ. दोन-चार दिवसांत पांढुरके कोंब दिसतात, आठव्या-नवव्या दिवशी वीतभर पिवळसर हिरवं रोप डोलायला लागतं, आणि तसतसा गाण्यांचाही आवाज चढतो. शेवटच्या दिवशी रोपं खुडून भावांना देतात, टोपल्या पाण्यात सोडतात. त्या दिवसाच्या गाण्यात सासरी जाण्याचं दुःख असतं. दहा दिवसांचं हे सबंध गाणं आहे, त्याचा एक तुकडा काढून पाच मिनिटांत सादर करता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो करतात तेव्हा टोपल्यांत प्लास्टिकची पानं असतात, आणि मुली कशाला पाणी घालतायत हे बघणाऱ्याला कळत नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. एका वाद्याला एवढा मान मिळालेला बघून मला मनापासून आनंद झाला. आता त्या दालनांत वर्षाचा क्रमही ऐकू यावा. फाल्गुनात जाणाऱ्याला लेंगी, श्रावणात जाणाऱ्याला तीज, दिवाळीत जाणाऱ्याला दिवे घेऊन घरोघर फिरणाऱ्या मुलींचा मेरा. सगळं एकाच बटणावर बाराही महिने वाजवायचा मोह टाळला तर ते संग्रहालय तांड्याच्या रीतीनं चाललं असं म्हणता येईल.

भुलाबाईबद्दल मला असं समाधानानं लिहिता येत नाही. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हा तिचा महिना. पुण्याकडे भोंडला, खानदेशात गुलाबाई, आमच्याकडे भुलाबाई. माहेरपणाला आलेली पार्वती, सोबत भुलोजी, मातीच्या मूर्ती, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, हातात टिपऱ्या आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखणं. शहरातल्या सोसायट्यांत आणि महिला मंडळांत भुलाबाई एक दिवसाची झाली आहे, खेड्यातही महिनाभर बसवणारी घरं मोजकी. याचा दोष सगळे टीव्हीला आणि मोबाइलला देतात. मला त्यामागे सोयाबीन दिसतं. आज खरिपात जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं पीक तेच आहे. कापूस आणि ज्वारी होती तेव्हा आश्विनात बायांना थोडी उसंत असायची, कारण कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला जोर धरायची आणि ज्वारीही उशिरा निघायची. सोयाबीनची सोंगणी नेमकी भुलाबाईच्या महिन्यात येते. दिवसभर वाकून सोंगणी केलेली बाई संध्याकाळी टिपऱ्या कुठून खेळणार? मखरासाठी ज्वारीचे धांडेही शोधत फिरावं लागतं. पीक बदललं की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते, हे मी आमच्याच जिल्ह्यात पाहिलं. लोककलेवर लिहिणाऱ्यांनी पीकपेऱ्याचे आकडेही वाचायला हवेत.

पोळ्याला बैलांपुढे म्हणायच्या झडत्यांवर मोठं संकट नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की कुणीतरी झडती टाकतोच, आणि भाव, कर्ज, पाऊस असं ताजं काहीतरी तीत येतंच. ज्याच्याकडे बैल उरले नाहीत, ट्रॅक्टर आहे, तोही झडती ऐकायला येतो.

पावसाळ्यातलं सगळ्यांत शांत संगीत बौद्ध विहारांत आहे आणि संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. वऱ्हाडातल्या विहारांत या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी डॉ. आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. आधी पालीतली वंदना. वाद्य नाही, ताल नाही. पंधरा-वीस माणसं एका सुरात म्हणतात, म्हाताऱ्या बायांचा आवाज किंचित मागे राहतो, त्यामुळे प्रत्येक ओळीला आपोआप एक झालर लागते. बाहेर पत्र्यावर पाऊस. एप्रिलमध्ये भीमजयंतीला हीच माणसं वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली गाणी ढोलकीवर जोशात गातात. चैत्र-वैशाखात गळा मोकळा सोडायचा आणि पावसाळ्यात आवरायचा, ही एका समाजानं गेल्या काही दशकांत घडवलेली नवी ऋतुचर्या आहे. नव्यानं घडत असलेलं ऋतुसंगीत बघायचं तर इथे यावं.

मंगरुळपीरच्या दर्ग्यातल्या उरुसाचं गणित वेगळं आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे उरूस आणि मोहरम हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरतात. जी कव्वाली तरुणपणी थंडीत शाल पांघरून ऐकली तीच उतारवयात उन्हाळ्याच्या रात्री ऐकावी लागते.

आता तक्रारीचं. अखंड हरिनाम सप्ताह हा आमच्या गावांचा मोठा संगीतोत्सव. विणेकरी पहाऱ्याला उभा असतो, वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. ही एक गोष्ट मला अजूनही हलवते, विशेषतः रात्री तीनला, जेव्हा मंडपात तो एकटाच असतो. पण संध्याकाळच्या कीर्तनात आता ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले, चाली सिनेमाच्या आल्या, आणि भोंगे चारी दिशांना लागले. गेल्या वर्षी एका गावात मृदंग वाजवणारा पोरगा उत्तम तयारीचा होता. कीर्तन सुरू होण्याआधी त्यानं कणीक मळली, धुम्यावर थापली, बोटानं कडा सारख्या केल्या, थाप मारून पाहिली, चिमूटभर कणीक काढली, पुन्हा मारली. शाईच्या बाजूचे गठ्ठे हातोडीनं ठोकून सूर चढवला. पंधरा मिनिटं हे चाललं. मग ध्वनिक्षेपकवाल्यानं खर्ज इतका वाढवला की त्या चिमूटभर कणकेचा फरक कुणालाही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला त्या पोराकडे बघवलं नाही.

चामड्याला ऋतू कळतो. श्रावणात मृदंग उतरतो, गठ्ठे ठोकून ठोकून थकायला होतं. डफडं पावसात मऊ पडतं, मग काडीकचरा पेटवून ते शेकायचं, आणि शेकताना जमलेल्या घोळक्यातच निम्मा सण होतो. आता पुष्कळ डफड्यांना प्लास्टिकचा पडदा लागला. तो ओला होत नाही, शेकावा लागत नाही, स्वस्त पडतो. ज्यांचं पोट डफड्यावर आहे त्यांनी तो लावला तर मी त्यांना बोल लावणार नाही. पण आवाज बाराही महिने एकच येतो, कडक आणि कोरडा. पावसाळ्यातला तो खोल, किंचित दमट ठोका नव्या पिढीनं ऐकलेलाच नाही. सणाचं आमंत्रण देणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांना चामड्याच्या वाद्याचे दोनशे रुपये जास्त दिले तर तो ठोका परत येईल. मागणी केली पाहिजे आणि पैसे मोजले पाहिजेत.

आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर, रिसोड या बाजूनं आमच्या जिल्ह्यातून पुढे जाते. पांढऱ्या कपड्यांतले वारकरी, ओळ न मोडता, एका पावलानं आणि एका टाळानं चालत असतात. कर्ण्यांशिवाय शेकडो टाळ एकत्र वाजले की काय होतं ते त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकावं. कानठळ्या बसत नाहीत, अंगावर काटा येतो. सप्ताहाच्या आयोजकांनी मालेगाव-रिसोडच्या वाटेवर कुठेही थांबून हे एकदा ऐकावं आणि मग भोंग्यांची संख्या ठरवावी.

आणखी एक काम आहे, ते तुम्हाआम्हाला करता येण्यासारखं आहे. मोबाइलवर या गाण्यांचे तुकडे पुष्कळ आहेत, पण त्यांना तारीख नाही, गाव नाही, गाणाऱ्या बाईचं नाव नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या तेव्हा ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव जपलं. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या आज ऐकायला मिळतात. तशी नोंद आमच्या जिल्ह्यातल्या गाण्यांची व्हायला हवी. भाद्रपद पौर्णिमेला ज्या घरी भुलाबाई बसेल तिथे जा. परवानगी घेऊन सगळी गाणी पहिल्यापासून खाऊ ओळखेपर्यंत सलग टिपा, मधलं हसणं-खिदळणं कापू नका, आणि सुरुवातीला गाणारीलाच तिचं नाव, गाव आणि तिथी सांगायला लावा. सोंगणीमुळे त्या घरी रात्री नऊशिवाय गाणं सुरू होणार नसेल, तर नऊपर्यंत थांबा.