पहिली कादंबरी आणि स्नेह्यांचा तगादा

बुलढाणा जिल्ह्यांतील नवलेखकांच्या मंडळांस आमची एक सूचना आहे. कविता एका बैठकींत वाचून होते, म्हणून कवीस स्नेह्यांची वाहवा पुरते, मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ १९५४ सालीं त्याच नांवाचा संग्रह निघण्यापूर्वींच लोकांच्या ओठीं होती. पहिली कादंबरी मात्र महिनोन्महिने अपुरी राहते, व अपुऱ्या कृतीची स्तुति लेखकास सुस्त करिते. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ पासून ‘पुणें वैभवां’त क्रमशः आली, तेथें पुढील प्रकरणाचा तगादा होता. स्नेह्यांनीं तोच तगादा लावावा. ‘छान!’ म्हणण्याऐवजीं ‘पुढें काय झालें?’ असें विचारावें. ज्या प्रकरणानंतर हा प्रश्न कोणाच्याच तोंडीं येत नाहीं, तें प्रकरण फिरून लिहावें, असें आम्हांस वाटतें.