‘एकच प्याला’तला प्याला

यंदा गणेशोत्सवात भिवंडीच्या आमच्या आळीतल्या हौशी मंडळींनी ‘एकच प्याला’ बसवले. शेजारच्या मागांच्या खडखडाटातच तालमी चालत. एके रात्री आमच्या तरुण दिग्दर्शकाने मुंबईहून आणलेला शँपेनचा पेला काढला. उंच दांडीचा, पसरट तोंडाचा. “काका, सुधाकराच्या हाती हा शोभेल!”

पेल्यांचे शास्त्र खोटे नाही. पसरट पेल्यात शँपेनचे बुडबुडे लवकर विरतात, म्हणून उंच, अरुंद पेला बरा. ब्रँडीच्या पेल्याचे पोट फुगीर आणि तोंड आवळलेले, म्हणजे तळहाताची ऊब लागते नि वास आत कोंडतो. कडवट अर्कात भिजवलेल्या साखरेवर शँपेन ओतण्याचा प्रकार तर जेरी टॉमसच्या १८६२ सालच्या पुस्तकातही आहे.

पण रंगभूमीवरचा पेला पारखायचा तो नाटकाच्या कसोटीवर. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. त्याच वर्षी गंधर्व मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातल्या आर्य मदिरा मंडळात हवे तेवढे नखरेल पेले असोत, तिथे आपल्याला हसायचेच असते. सुधाकराचे तसे नाही. अपमानाने पोळलेला हा बुद्धिमान वकील पहिला प्याला घेतो तो चैनीसाठी नव्हे, विसरण्यासाठी. त्याच्या हाती परदेशी पेला दिला की प्रेक्षक सुटतो. ‘ही बड्यांची थेरं’ म्हणून निवांत बसतो.

शिवाय ‘एकच’ला दोन अर्थ आहेत. एकाहून अधिक नाही, हा एक. दुसरा नव्हे, तोच, हा दुसरा. पहिला सुधाकर स्वतःला सांगतो, दुसरा गडकरी आपल्याला दाखवतात. शेवटी विष घेताना त्याच्या हाती पहिल्या अंकातलाच पेला दिसला पाहिजे. सिंधूची निमूट सोशिकता आज मला पटत नाही. या रचनेपुढे मात्र मान लववावी लागते.

दिग्दर्शकाला हे पटले. मी आमच्या घरचा पाणी प्यायचा साधा काचेचा पेला दिला. प्रयोगात शेवटी तो पुन्हा दिसला, तेव्हा मांडवात कोणी खोकलेही नाही.

दुसऱ्या दिवशी पेला घरी परत आला. आईने तो घासूनपुसून फडताळात ठेवला. जेवताना मी पाणी मागितले, तर तिने दुसराच पुढे केला. मी काही विचारले नाही. वडिलांनाही कोणीतरी पहिल्यांदा ‘एकच’ म्हणूनच दिला होता.