सहा महिन्यांची मुदत आणि आपलं 'अज्ञान' नावाचं गृहीतक



मागच्या वेळी आपण गृहीतक कसं लिहायचं ते पाहिलं होतं. आज एक गृहीतक उलटं करून बघू. ते माझंच आहे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी असं लिहिलं होतं : 'रस्ते अपघातातील पीडित कायदेशीर मुदतीबाबत अनभिज्ञ असल्यामुळे नुकसानभरपाईच्या दाव्यांना विलंब होतो.' वाक्य दिसायला सुबक आहे. प्रश्नावली तयार करता येते, टक्केवारी काढता येते, शेवटी 'जनजागृतीची गरज आहे' अशी शिफारसही करता येते. कायदा, समाजशास्त्र किंवा लोकप्रशासनात पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी हे वाक्य थोड्याफार फरकाने कुठेतरी वाचलेलं असेल, कदाचित लिहिलंही असेल. ते का टिकत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी कायद्यातलं एक छोटं उपकलम नीट वाचावं लागेल.

आधी मजकूर वाचा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६, उपकलम (३). त्याचा आशय असा, की अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केलेला नसेल तर नुकसानभरपाईचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. हे उपकलम २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं.

आता 'नवीन तरतूद' म्हणून पुढे जाऊ नका. ही मुदत नवीन नाही, ती परत आलेली आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली, तेव्हा मुदत होती ६० दिवस. १९६९ च्या दुरुस्तीने ती सहा महिने झाली, आणि उशिराला पुरेसं कारण असेल तर न्यायाधिकरण अर्ज घेऊ शकत होतं. १९८८ च्या कायद्याने सहा महिने कायम ठेवले, पण उशीर माफ करण्याला १२ महिन्यांची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेने ती मुदतच काढून टाकली.

का काढली? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. जखमी माणसाचा अर्ज १२ महिन्यांच्या मर्यादेनंतर अवघ्या काही दिवसांनी आला म्हणून फेटाळला गेला होता. न्यायालयाने त्याला १९९४ च्या दुरुस्तीचा लाभ दिला. केवळ मुदतीपायी खऱ्या जखमींचे दावे बुडतात, हा अन्याय संसदेच्या लक्षात आल्यामुळेच ही तरतूद गेली, अशी त्यामागची भूमिका होती.

म्हणजे क्रम असा : ६० दिवस, सहा महिने आणि सवलत, सहा महिने आणि मर्यादित सवलत, मुदतच नाही, आणि आता सहा महिने व सवलतीचा शब्दही नाही. हे मी पाठांतरासाठी सांगत नाहीये. पेटच्या मुलाखतीत कुणी 'या तरतुदीत समस्या काय?' असं विचारलं, तर 'मुदत कमी आहे' हे अर्धंच उत्तर झालं. १९६९ पासूनही मुदत सहाच महिने होती. फरक पडला तो दाराची कडी आतून काढायची सोय गेल्यामुळे.

त्याच कायद्यातली दुसरी कलमं बाजूला ठेवून बघा

टीका करताना बाहेरची मोजपट्टी आणण्याआधी कायद्याचीच मोजपट्टी त्याला लावून पाहावी. कलम १७३ अपिलाचं आहे. न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करायचं असतं. उशीर झाला आणि कारण पुरेसं असेल, तर उच्च न्यायालय अपील घेऊ शकतं. हे अपील विमा कंपनीलाही करता येतं. तिच्याकडे वकील आहेत, कार्यालय आहे, फायलींवर तारखा आहेत. तिला उशिराचं कारण सांगायची मुभा आहे. दवाखान्यात पाय वर टांगून पडलेल्या माणसाला मूळ अर्जासाठी तशी मुभा उपकलमात लिहिलेली नाही.

आता एक बाहेरची तुलना. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षं मिळतात आणि पुरेसं कारण असेल तर त्यानंतरही तक्रार घेता येते. म्हणजे मिक्सर खराब निघाला तर दोन वर्षं, आणि मोटारसायकलवरून जाताना पाय गेला तर सहा महिने. दोन्ही कायदे एकाच वर्षी संसदेतून गेले, हेही टिपून ठेवा.

आता तात्यांची गोष्ट

आमच्या गावाकडचे एक तात्या. बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायकोचा कोयता, सहा महिने कोपीत राहायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फडापासून जवळच्या बाजाराला मोटारसायकलवर निघाले होते. संध्याकाळ उलटून गेलेली. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तात्या तिच्यावर जाऊन आदळले. मांडीचं हाड मोडलं. पोलीस आले, पंचनामा झाला, दवाखान्यात जबाबही घेतला. रॉड टाकला. एप्रिलमध्ये टोळीबरोबर गावी परतले. जखमेत पू झाला, जुलैमध्ये पुन्हा ऑपरेशन. ऑक्टोबरमध्ये काठी घेऊन तालुक्याला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, सहा महिने ऑगस्टमध्येच संपले. दुसऱ्या वकिलांनीही तेच सांगितलं.

मी तेव्हा माझी पायलट प्रश्नावली घेऊन गावी गेले होते. 'अर्ज आधी का केला नाही?' या प्रश्नाला तात्या म्हणाले, "अगं, सगळं लिहून नेलंय ना पोलिसांनी. मग केस चालूच हाय की."

मी रकान्यात खूण केली : कायद्याचं ज्ञान नाही.

आता कलम १६६ चं उपकलम (४) वाचा, म्हणजे अगदी पुढचंच. कलम १५९ खाली पोलिसांकडून आलेला अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा अर्ज म्हणूनच धरायचा आहे. आणि कलम १५९ सांगतं, की पोलिसांनी हा अहवाल तीन महिन्यांत तयार करून न्यायाधिकरणाकडे द्यायचा. १ एप्रिल २०२२ पासूनच लागू झालेल्या नियमांत तर दिवस मोजून दिलेत : पहिला अहवाल ४८ तासांत, दहा दिवसांत जखमीच्या हातात त्याच्या हक्कांची माहिती, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून पोलिसांना आणि न्यायाधिकरणांना तपशीलवार निर्देशही दिले.

म्हणजे पोलिसांनी लिहून नेलं की केस चालू, हे तात्यांचं म्हणणं कायद्याच्या रचनेशी जुळत होतं. माझ्या रकान्यातली खूण चुकीची होती. ज्याला मी अज्ञान म्हटलं, ती खरं तर कायद्याने स्वतःच दिलेली हमी होती. तात्यांना दहा दिवसांत मिळायला हवा होता तो हक्कांचा कागद कधीच मिळाला नाही.

सहा महिने कुणाच्या भरवशावर?

इथे या तरतुदीचा खरा कच्चा दुवा दिसतो. सहा महिन्यांची कडक मुदत एका अटीवर समजण्यासारखी आहे : पोलिसांचा अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पोहोचला पाहिजे. तसं झालं तर जखमी माणूस शुद्धीवर असो वा नसो, त्याचा अर्ज आपोआप दाखल होतो. मुदत त्याच्या आड येतच नाही. ही कल्पना चांगली आहे, हे मान्य करायला हवं. पण अहवाल गेला नाही, तर चूक पोलिसांची आणि हक्क जातो जखमीचा. पोलिसांनी ९० दिवस ओलांडले म्हणून दावा जिवंत राहील, असं एकही वाक्य या उपकलमात नाही.

दुसरी बाजूही मांडू, नाहीतर ती टीका नाही, नुसती तक्रार होईल. मुदत अजिबात नसण्याचेही तोटे आहेत. वर्षानुवर्षांनी दावा आला तर साक्षीदार सापडत नाहीत, गाडीचा विमा कोणता होता हे शोधणं अवघड जातं. बनावट दाव्यांचा प्रश्नही खरा आहे. उत्तर प्रदेशात त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्यामुळे 'मुदत नकोच' हे माझं म्हणणं नाही. पण बनावट दावा पकडायचा तर कागद तपासायला हवेत, कॅलेंडर नव्हे. बनावट कागद तयार करणारी टोळी सहा महिन्यांच्या आत आरामात अर्ज करते. उशीर होतो तो दुसऱ्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या माणसाला.

आणि हा माणूस बहुधा दुचाकीवरचा असतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची माणसं सुमारे ४४.५ टक्के. दुचाकीच्या अपघातात हाडं मोडतात, डोक्याला मार लागतो, अपंगत्व किती हे ठरायलाच काही महिने जातात. मुदतीचं घड्याळ मात्र अपघाताच्या मिनिटाला सुरू होतं.

तुमच्या संशोधनासाठी यातून काय?

माझी सिनॉप्सिस वाचून गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता : "हे तात्या तुझ्या डेटात कुठे आहेत?"

मी न्यायाधिकरणाच्या निकालांचा नमुना घेणार होते. त्यात मुदतीमुळे किती अर्ज फेटाळले गेले ते मोजणार होते. पण तात्यांचा अर्ज फेटाळला गेलाच नाही, कारण तो दाखलच झाला नाही. वकिलाच्या टेबलावरूनच तो परतला. अशी माणसं कोर्टाच्या नोंदीत शून्य असतात, आणि आपण त्या शून्याला 'समस्या कमी आहे' असं वाचतो. न्यायाधिकरणाच्या दारातून आत आलेल्यांना मोजून दार किती अरुंद आहे हे कळत नाही.

म्हणून तीन गोष्टी करून बघा.

एक, नमुना दाराबाहेरून घ्या. पोलीस ठाण्याची अपघात नोंद किंवा रुग्णालयाचं एमएलसी रजिस्टर, रीतसर परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन. तिथून सुरुवात करा आणि किती जण न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले ते शोधा.

दोन, तारखा वेगवेगळ्या लिहा : अपघाताची, पहिल्या अहवालाची, सविस्तर अहवालाची, अर्जाची. ई-कोर्ट्सवर अर्जाची तारीख लगेच दिसते, पण अपघाताची तारीख बहुतेकदा निकाल उघडूनच मिळते. कंटाळवाणं काम आहे, पण उशीर नेमका कुठे झाला हे त्यातूनच कळतं. आणि १ एप्रिल २०२२ च्या आधीचे अपघात वेगळ्या गटात ठेवा. त्यांना नवी मुदत लागू होते का, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

तीन, 'उशीर कुणी केला?' हा प्रश्न उत्तरदात्याला विचारण्याआधी स्वतःच्या प्रश्नावलीला विचारा. माझ्या प्रश्नावलीत दहा प्रश्न जखमीच्या ज्ञानाबद्दल होते. 'पोलिसांनी तुम्हाला हक्कांचा कागद दिला का?' हा प्रश्न एकदाही नव्हता. दोष कुणाचा हे मी उत्तर येण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

शेवटी

या उपकलमाच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की प्रकरण प्रलंबित असेपर्यंत केवळ सहा महिने उलटले म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. हा अंतरिम आदेश आहे, अंतिम निकाल नाही. प्रबंधात लिहिताना हा फरक विसरू नका. आणि हा लेख म्हणजे कायदेशीर सल्लाही नाही. तुमच्या घरात कुणाचा अपघात झाला असेल, तर आदेशाच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आत स्वतः अर्ज करा. तो अपघात झाला तिथेच करायला हवा असंही नाही, जखमी राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. तात्यांना हेही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या आदेशानंतर मी तात्यांना फोन केला. त्यांनी अर्ज दाखल केला आहे. टिकेल की नाही ते पुढे कळेल. यंदा ते तोडीला गेले नाहीत, मांडीत रॉड आहे. कोयता आता त्यांची बायको आणि थोरला मुलगा मिळून चालवतात.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमधलं वाक्य असं आहे : 'पोलीस अहवाल मुदतीत न्यायाधिकरणाकडे न पोहोचणे आणि जखमीने स्वतंत्र अर्ज न करणे, यांत संबंध आहे.' पहिल्याइतकं सुबक नाही. पण तात्यांना वाचून दाखवलं तर ते मान हलवतील, एवढी खात्री आहे.

तुमचं गृहीतक आज एकदा काढून बघा. त्यात कर्ता कोण आहे, आणि ज्याच्यावर दोष ठेवलाय त्याला ते वाचून दाखवता येईल का?