पाटीचे अक्षर आणि ‘यात्रा’

गाडी फलाटात शिरताना पिवळ्या पाटीवरचे काळे, ठसठशीत अक्षर वाचून ‘आले आपले गाव’ म्हणणाऱ्या पिढीतले आम्ही. ती अक्षरे रंगाऱ्याने ब्रशाने काढलेली असत. रेल्वेच्या अशाच हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फूर्ती घेऊन कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा संगणकीय अक्षरसंच घडविला. आमच्या मंडळाची जीर्ण पाटी बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा हा संच आम्ही बारकाईने पाहिला. त्याविषयी चार शब्द.

त्याचा पहिला गुण आम्हांस मोलाचा वाटतो. रोमन अक्षर आधी ठरवायचे आणि देवनागरीने त्याच्या मापात बसायचे, असा अन्याय आपल्या लिपीवर वारंवार झाला आहे. येथे क्रम उलटा आहे. देवनागरी बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. ‘यात्रा’तील रोमन अक्षरांनी देवनागरीचा तो तिरकसपणा स्वीकारला आहे. त्यामुळे दोन लिपींची पाटी एकाच हाताने रंगविल्यासारखी दिसते. शिवाय हा संच मुक्त परवान्याचा असल्याने लहान संस्थेलाही तो विनामूल्य वापरता येतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. नावातील ‘वन’ सुचविते त्याप्रमाणे यात एकच वजन आहे. मथळा, पाटी, भित्तिपत्रक यांना तो शोभतो; अहवालाचा मजकूर त्यात छापला, तर वाचकाचे डोळे शिणतील. दुसरे असे की, रंगारी नाव लांब असल्यास अक्षरे आवळीत असे, आखूड असल्यास शिरोरेषा ऐसपैस ओढीत असे. एका पाटीवरचे दोन ‘र’ कधी अगदी सारखे नसत. संगणकाचे दोन ‘र’ तंतोतंत सारखे असतात. जुनेपणाचा आभास त्यात आहे, पण पाटीच्या मापाशी झालेली हाताची तडजोड नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक कसोटी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी आणि मराठी पाट्यांची लिपी एकच. वेगळेपण दिसते ते पाकळीयुक्त ‘ल’, देठयुक्त ‘श’, ‘ळ’ आणि ‘र्‍य’ यांतून. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये प्रमाण वर्णमालेचा आदेश काढून ‘ल’ आणि ‘श’ यांची ही रूपे निश्चित केली. तेव्हा कोणताही अक्षरसंच निवडण्यापूर्वी ही चार अक्षरे मोठ्या आकारात छापून पाहावीत. नातवंडांना शाळेत हिंदी वळणच शिकविले जाते. मराठी वळण त्यांच्या नजरेस पडण्याची हक्काची जागा म्हणजे आपल्या संस्थेची पाटी.

आमचे मत असे : ‘यात्रा’ कित्ता म्हणून घ्यावा, फ्लेक्सवर थेट छापू नये. गावात ब्रश धरणारा रंगारी अद्याप असेल, तर त्याच्यापुढे तो कित्ता ठेवून पाटी त्याच्याकडूनच रंगवून घ्यावी. खर्च थोडा वाढेल. तो मंडळाने आनंदाने सोसावा.