अद्भुत वस्तूंच्या मर्यादा : भूमिका-खेळाच्या संगणकीय साधनांची चिकित्सा

प्रस्तावना :
टेबलाभोवती बसून संवादातून कथा रचत खेळावयाचा भूमिका-खेळ हा आधुनिक काळातील एक स्वतंत्र कथनप्रकार होय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. खेळ चालविणारा सूत्रधार त्यात स्वतःच्या कल्पनेने जादुई वस्तू घडवू शकतो. २०१७ साली सुरू झालेल्या 'डी अँड डी बियाँड' या साधनाने हे काम संगणकावरील तक्त्यात आणले. या तक्त्याच्या मर्यादा कथनाच्या दृष्टीने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
मर्यादा ही अद्भुताला मारक नसते. किंबहुना मर्यादेमुळेच अद्भुताला अर्थ प्राप्त होतो. महाभारतातील तीन वस्तू कसोटी म्हणून घेता येतील. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येते. 'एक वापर' ही नोंद तक्त्यात सहज बसते. परंतु अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते, यातील शोकात्म भाव त्या आकड्यात नाही. तो खेळणाऱ्यांनीच निर्माण करावयाचा असतो. अक्षयपात्रातील अन्न द्रौपदीचे भोजन होईपर्यंतच पुरते. येथे मर्यादा दुसऱ्या व्यक्तीच्या कृतीशी बांधलेली आहे. ती वर्णनाच्या रकान्यात लिहिता येते. परंतु यंत्र तिचे पालन करवीत नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येते, मात्र आवरता येत नाही. ही मर्यादा वस्तूची नसून धारण करणाऱ्याच्या योग्यतेची आहे. तिच्यासाठी तक्त्यात रकाना कोठून असणार?

२०१४ च्या नियमावलीत एका पात्राला विशेष बंध आवश्यक असलेल्या तीनच वस्तूंशी एका वेळी बंध जुळविता येतो. खेळातील समतोलासाठी हा नियम उचितच आहे. तथापि कागदावर असा नियम सूत्रधार सर्वांच्या संमतीने शिथिल करतो. संगणकावर हा अधिकार साधन पुरविणाऱ्या कंपनीकडे सरकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. जुनी मंत्रशक्ती व जादुई वस्तू यांच्या जागी नव्या नियमावलीतील रूपे येतील, जुनी हवी असल्यास ती खेळाडूंनी स्वतः पुन्हा घडवावीत, असे कंपनीने जाहीर केले. तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच हा निर्णय मागे घेण्यात आला. चालू असलेल्या कथेतील वस्तू बाहेरून बदलली जाऊ शकते, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

समारोप :
सारांश, ही साधने हिशेबाची मर्यादा उत्तम सांभाळतात. नात्याची, शापाची व योग्यतेची मर्यादा त्यांना पेलत नाही. आकडेमोडीचा भार हलका करणे हा त्यांचा गुण मान्य करूनही, तक्त्यात न बसणारी वस्तू कल्पनेतूनच वगळण्याची सवय लागणे हा खरा धोका आहे. केळापूर तालुक्यातील गोंड व कोलाम समाजांच्या मौखिक परंपरेतील कथा उद्या विद्यार्थ्यांनी अशा खेळात आणावयाच्या ठरविल्यास, आरंभ कोऱ्या कागदावर व्हावा. वस्तूची अट आधी कथेत ठरावी, तक्ता नंतर भरावा. हा क्रम उलटला, तर अद्भुताची केवळ यादी उरेल.